कप्तान मशालची शिट्टी

आधीच सांगून टाकतो. ही गोष्ट माझी स्वतःची आहे. मित्राच्या मावसभावाची नाही, आणि कुठून उचललेली तर अजिबात नाही.

अमावस्या, सुनसान रस्ता, पांढरी साडी असलं काही हवं असेल तर इथंच थांबा. माझ्या गोष्टीत भर दुपार आहे. रविवार, २६ मे २०२४. तीन वाजून चाळीस मिनिटं. छत्रपती संभाजीनगर, भावसिंगपुरा, आमच्या घराची वरची खोली. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं.

आमच्या घरात भूत-भानामती मानत नाहीत. लहानपणी कुणी घाबरवलं की आई म्हणायची, "मेलेला माणूस काय करतो? काहीच नाय करत. जित्या माणसाला भ्यायचं." मी हेच मानत मोठा झालो.

आजही मानायला तयार आहे. फक्त कुणीतरी मला तो काळा डाग समजावून सांगावा.

माझं नाव संघपाल. वय एकोणचाळीस. शेंद्र्याला एका कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर हातात यादी घेऊन लाइनवर उभं राहायचं. एखादा पार्ट कमी दिसला की लाल स्टिकर मारायचा, पार्ट बसला की स्टिकर काढायचा. बारा वर्षं हेच केलं की डोळ्याला खोड लागते. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी मी आधी ताटात काय वाढायचं राहिलंय ते बघतो. माझं स्वतःचं लग्न टिकलं नाही, तो विषय वेगळा.

घरात आता मी आणि आई. आई खाली राहते, मी वर. वर यायला बाहेरून लोखंडी जिना आहे. त्याची तिसरी पायरी सैल आहे. पाय पडला की खणकन वाजते.

ही पायरी लक्षात ठेवा.

वरच्या खोलीत मी जुन्या खेळण्यांचे रिव्ह्यू करतो. चॅनलचं नाव 'पत्र्याची पेटी'. साडेचार हजार लोक बघतात, त्यातले निम्मे माझ्यासारखेच रिकामटेकडे. माझी पद्धत ठरलेली आहे. आधी डबा, मग खेळणं, सांधे, रंग आणि शेवटी ॲक्सेसरीज. पुठ्ठ्यामागची यादी समोर ठेवून एकेक वस्तू ताडून बघायची. मग कॅमेऱ्यासमोर शिक्का मारायचा. 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण'.

१७ मार्चला आईच्या पेटीत गोधड्यांच्या खाली मला कप्तान मशाल सापडला.

हा कोण, ते सांगायला हवं. सिनेमा १९९७ चा. खाणीत अडकलेल्या माणसांना बाहेर काढणारा हिरो. सिनेमा आठवडाभरात पडला, पण त्याचे बाहुले आधीच दुकानात आले होते. बाबांनी गुलमंडीवरून आणला. दोन पोरांत एकच. मी अकरा वर्षांचा होतो आणि धाकटा भाऊ सुयश आठ वर्षांचा.

बाहुला तसा मजबूत. उंची दहा सेंटीमीटर, पाच सांधे, कमरेचा सांधा ढिला. डाव्या मिशीचा रंग उडालेला, कारण ती सुयशनं चावली होती. हाताच्या मुठी अशा, की वस्तू घट्ट बसते. पुठ्ठ्यामागे सहा ॲक्सेसरीजची यादी. हेल्मेट, दोर, कुदळ, कंदील, पाठीवरची ऑक्सिजनची टाकी आणि शिट्टी.

पाच वस्तू प्लास्टिकच्या. शिट्टी मात्र खरी पितळेची, करंगळीच्या पेराएवढी. आणि ती खरंच वाजायची.

सिनेमात कप्तान मशाल दोराला बांधून शिट्टी खाली खाणीत सोडतो. अडकलेल्या माणसानं एक लांब शिट्टी वाजवायची. मग मशाल वरून दगडावर दोनदा ठोकतो. टक टक. म्हणजे, आलो.

आमचा खेळ हाच. पलंगाखाली खाण. मी थोरला, म्हणून मशाल माझ्या हातात. सुयश कायम अडकलेला. तो पलंगाखाली पोटावर पडून शिट्टी वाजवायचा, मी पलंगाच्या लाकडावर दोनदा ठोकायचो, मग त्याचा पाय धरून ओढून बाहेर काढायचो. कधी मी मुद्दाम उशीर केला तर आतून ओरडायचा, "दादा, ठोक ना रे! मी अडकलोय ना!"

अशा रीतीनं शिट्टी त्याची झाली. बाकीच्या वस्तू हरवत गेल्या, शिट्टी त्यानं हरवू दिली नाही. मोठा झाला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, तरी ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात. मी चिडवायचो, "सुय्या, आता लग्नाचं बघतोय तुझं, ती काढ की." तो म्हणायचा, "अडकलो तर लागंल ना, दादा."

एप्रिल २०२१ मध्ये आम्ही दोघंही पॉझिटिव्ह आलो. मी घरीच होतो, वरच्या खोलीत बंद. त्याचा ऑक्सिजन उतरला, त्याला हॉस्पिटलात नेलं. आत कुणाला सोडत नव्हते. अठरा तारखेला फोनवर म्हणाला, "इथलं जेवण लई बेकार आहे. आईला सांग, आलो की शेवभाजी पाहिजे."

एकोणीस तारखेला दुपारी मला ताप होता. गोळी घेऊन झोपलो. फोन सायलेंटवर होता.

संध्याकाळी सहाला उठलो. सुयशचा एक व्हॉइस मेसेज आला होता. वेळ दुपारी तीन चाळीस. सात सेकंद.

त्यात शब्द नव्हता. एक लांब शिट्टी होती. मध्ये तुटलेली, पुन्हा ओढलेली, शेवटी नुसता वारा.

मी ताबडतोब फोनच्या मागे बोटानं दोनदा ठोकलं, ते रेकॉर्ड करून पाठवलं. एकच टिक आली. तो पाच वाजून दहा मिनिटांनी गेला होता.

मला त्याचा चेहराही बघायला मिळाला नाही. हॉस्पिटलमधून पिशवीत त्याचा फोन, चार्जर आणि पाण्याची बाटली आली. शिट्टी नव्हती. ती गळ्यातच राहिली असणार. गळ्यात राहिली म्हणजे त्याच्याबरोबर जळाली. चार दिवसांनी कुणीतरी मडक्यात राख आणून दिली. राखेत हात घालून बघायचा मला धीर झाला नाही.

मला दुसरं काही नको होतं. फक्त एकदा त्याच्या शिट्टीला वेळेवर उत्तर द्यायचं होतं.

तर, १७ मार्चला मशाल सापडला तेव्हा त्याच्याबरोबर हेल्मेट आणि दोर एवढंच होतं. मी जाड काळा फोम घेतला. मधोमध बाहुल्याचा आकार कापला, बाजूला सहा वस्तूंच्या सहा खाचा. सगळे कलेक्टर असंच करतात. जे नाही त्याचीही जागा करून ठेवायची. दोन खाचा भरल्या, चार रिकाम्या राहिल्या. फोम मांडणीवर ठेवला आणि व्हिडिओच्या शेवटी 'अपूर्ण' शिक्का मारला. लोकांना सांगितलं, कुणाकडे कुदळ, कंदील, टाकी, शिट्टी असेल तर कळवा.

पुढचा रविवार, २४ मार्च. मी खाली जेवून वर्तमानपत्र वाचत होतो. आई पडली होती.

जिन्यावर पावलं वाजली.

एक... दोन... चार... पाच...

तिसरी वाजलीच नाही.

त्या पायरीवर पाय न देता वर जाणारा आमच्या घरात एकच माणूस होता. तो लहानपणापासून ती गाळायचा, आईची झोप मोडू नये म्हणून. मी आणि बाबा बिनदिक्कत खणखण वाजवत जायचो.

मी धावत वर गेलो. खोलीला बाहेरून कडी होती, तशीच. आत कुणी नव्हतं. सोल्डरचा वास येत होता... सुयशच्या दुकानात यायचा तोच. आणि फोमच्या तिसऱ्या खाचेत कुदळ होती.

ही कुदळ १९९८ मध्ये हरवली होती. शाळेच्या सहलीत, दौलताबादच्या किल्ल्यावर, अंधारी म्हणतात त्या भुयारात. मास्तर मशाल पेटवून पुढं होते, मागं आम्ही पोरं, आणि सुयशच्या खिशातून ती कुठंतरी पडली. तो परत येईपर्यंत बसमध्ये रडला होता.

मी कुदळ नाकाजवळ नेली. तिला वटवाघळांचा वास येत होता.

मी स्वतःला समजावलं. पेटीत असेल, आईनं ठेवली असेल. आई म्हणाली, "मी कशाला तुझ्या खेळण्याला हात लावू?"

मग चौदा एप्रिल आला. त्या दिवशी आमच्या गल्लीत माणूस सापडत नाही, सगळे मिरवणुकीला. आईसुद्धा निळी साडी नेसून बायकांबरोबर गेली होती. मी कॅमेऱ्याची बॅटरी न्यायला घरी आलो. क्रांती चौकाकडून ढोल ऐकू येत होते. घड्याळ बघितलं नव्हतं. नंतर फोनमध्ये बघितलं, पावणेचार व्हायचे होते.

मी जिन्याच्या खालीच उभा होतो आणि वरच्या पायऱ्या वाजल्या.

चार... पाच... सहा...

जिन्यावर कुणी नव्हतं. ऊन पडलेलं होतं आणि पायऱ्या एकेक करून हलत होत्या.

वर कंदील होता. ओला. फोममध्ये पाणी साचलं होतं आणि कंदिलाच्या कडीत शेवाळ. हा आम्ही हर्सूलच्या तलावावर हरवला होता, पाण्यात सोडून बघत होतो तरंगतो का. तरंगला नाही.

मी घाबरलो का? खरं सांगतो, नाही. मी मांडणीला धरून रडलो. सव्वीस वर्षं तलावाच्या तळाशी असलेली वस्तू जो माणूस शोधून आणतो, त्याला काय घाबरायचं. मी म्हणालो, "सुय्या, थांब ना. एकदा थांब." कुणी थांबलं नाही.

एकोणीस एप्रिलला मी रजा टाकली. त्या तारखेला मला लाइनवर उभं राहता येत नाही. दुपारी तीनपासून खोलीतच बसलो, फोमसमोर. डोळा लागू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. तीन चाळीसला खिडकीचं दार वाऱ्यानं आपटलं. मी एकदाच मान वळवली.

पुन्हा समोर बघितलं तर... टाकी आलेली होती.

टाकी सुयशनं हरवली नव्हती. ती मी फेकली होती. भांडणात, रागानं, घरामागच्या नाल्यात. तो काठावर उभा राहून म्हणाला होता, "दादा, टाकीशिवाय तो श्वास कसा घेईल?" आणि त्याच्या मरणाआधी तीन दिवस मी तापात पडल्या पडल्या अख्ख्या शहरात फोन लावत होतो, कुठं एक सिलेंडर मिळतो का म्हणून. मिळाला नाही.

कुदळीला धूळ होती, कंदिलाला शेवाळ. टाकी मात्र स्वच्छ होती. नाल्यातून काढून, धुऊन, पुसून ठेवलेली.

मी ती हातात घेऊन खाली गेलो आणि आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ टाकी उलटसुलट करत राहिली.

"सापडली असंल कुठंतरी," ती म्हणाली. "खेळणंच ते."



मग तिनं हळूच विचारलं, "शिट्टी?"

"नाय."

तिनं टाकी माझ्या हातात दिली आणि आत जाऊन तोंड धुतलं. त्यानंतर दर रविवारी दुपारी ती खालून एकदा विचारायची, "आलं का रं कुणी?" आमच्या घरात हे मानत नाहीत, तरी विचारायची.

आता एकच खाच उरली होती. मला कळलं होतं की शिट्टी तो ठेवून जाणार नाही. शिट्टी त्याच्या गळ्यातली. ती द्यायची तर त्याला स्वतः यावं लागेल, वाजवावी लागेल, आणि मला ठोकावं लागेल. मी रविवारची वाट बघायला लागलो. तीनपासून खोलीत बसायचो, फोन बंद, पंखा बंद, घामाघूम.

२१ एप्रिल. काही नाही. २८ ला नाही. ५ मे, १२ मे, १९ मे... जिना वाजला नाही. सोल्डरचा वासही नाही.

आणि मग मला राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण आला. टाकी आणून देतोस आणि स्वतः येत नाहीस? मी काय मुद्दाम झोपलो होतो का त्या दिवशी?

त्यात चॅनलवर लोक मागे लागलेले. तीन वस्तू मिळाल्याचं मी सांगून बसलो होतो, कशा मिळाल्या ते सोडून. रोज कमेंट, 'भाऊ, सेट पूर्ण कधी?' पाच वस्तूंसकट मशाल कुणाकडेच नव्हता.

जुन्या बाजारात अन्सारभाईंचं भंगाराचं दुकान आहे. माझी अर्धी खेळणी तिथून आलेली. त्यांचा भाचा जुन्या वस्तूंच्या नकला बनवतो, अशा की ओळखू येत नाही. मी त्याला माझा आणि सुयशचा एक जुना फोटो दिला. त्यात शिट्टी स्पष्ट दिसत होती. चार दिवसांत पितळेची तशीच शिट्टी तयार झाली. वाजत मात्र नव्हती, आतून भरीव होती.

अन्सारभाईंनी ती कागदात बांधली आणि माझ्या हातात देता देता थांबले.

"संघपालभाई, पूरा सेट किसी के पास नहीं रहता. एक जगा खाली रहने देव ना. क्या बिगडता?"

मी हसून म्हणालो, "व्हिडिओपुरती, अन्सारभाई. नंतर काढून ठेवतो."

व्हिडिओपुरती. एवढंच माझ्या मनात होतं. बारा वर्षं मी रिकामी जागा दिसली की भरत आलोय, त्याचाच पगार घेतोय. ही जागा कशाची आहे ते मला माहीत होतं आणि तरी मी भरली.

२६ मे. रविवार. जेवण झालं, मी वर आलो. दार लावून घेतलं, दिवे लावले, कॅमेरा सुरू केला. वेळेकडे लक्ष नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या रविवारी मी वाट बघत नव्हतो.

रिव्ह्यू छान चालला होता. सांधे दाखवले, मिशी दाखवली, लोक हसतील अशी दोन-तीन वाक्यं बोललो. मग एकेक ॲक्सेसरी. हेल्मेट, दोर, कुदळ, कंदील, टाकी. शेवटी नकली शिट्टी बोटांत धरून कॅमेऱ्याजवळ नेली आणि खाचेत बसवली. फिट्ट बसली.

तेवढ्यात खालून शिट्टी ऐकू आली.

मी कॅमेऱ्याकडे बघून हसलो. "हा आईचा कुकर. घरातच शूटिंग करतो ना, समजून घ्या." मग शिक्का उचलला, पुठ्ठ्यावर मारला. "तर मित्रांनो, कप्तान मशाल, सेट पूर्ण. आता यात काहीच कमी नाही."

पाच मिनिटांत सगळं आवरलं. दार उघडलं.

उंबऱ्यावर काळा डाग होता.

काजळीचा. करंगळीच्या पेराएवढा. एका टोकाला जाडसर, एका टोकाला निमुळता, आणि मागे बारीक वळलेली रेघ... जळालेल्या दोऱ्याची असते तशी. मी खाली बसून हात लावला. फरशी उन्हानं तापलेली असते, पण उंबरा सावलीत होता. डागाची जागा तेवढी गरम होती.

मी आत जाऊन नकली शिट्टी आणली आणि डागावर ठेवली. तसूभर फरक नव्हता.

कुणीतरी खरी शिट्टी इथं खाली ठेवली होती. आणि परत उचलली होती.

मी जिना उतरून खाली गेलो. आई अंगणात नळाजवळ पाटावर बसली होती, भोवती हंडे, कळशा, ड्रम. साडीचा ओचा भिजलेला.

"आई, कुकर कशाला लावलास दुपारी?"

तिनं नळी एका ड्रममधून दुसऱ्यात टाकली. "कुकर? नळ आलाय आठ दिवसांनी. दोन वाजल्यापासून इथंच हाय मी. गॅसपाशी कोण गेलंय?"

मग माझ्याकडे नीट बघितलं. "शिट्टी मीबी ऐकली. मला वाटलं, तूच वाजवतोयस."

मी वर आलो आणि रेकॉर्डिंग लावलं. हेडफोन घालून, आवाज पूर्ण वाढवून.

तीन चाळीस. मी टाकीबद्दल बोलतोय. माझ्या आवाजामागे जिना वाजतो. एक... दोन... चार... पाच... सावकाश, मध्ये दम घ्यायला थांबल्यासारखा. पावलं दारापर्यंत येतात. मी बोलतोच आहे. मी शिट्टी खाचेत बसवतो.

मग ती शिट्टी. खालून नाही, दाराच्या अगदी पलीकडून. एक लांब. मध्ये तुटलेली, पुन्हा ओढलेली, शेवटी नुसता वारा.

मी मोजलं. सात सेकंद.

त्यावर माझा हसरा आवाज. "हा आईचा कुकर."

मग शांतता. नऊ सेकंद शांतता. रेकॉर्डिंगमध्ये माझा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. तो तिथं उभा होता. दोन टकटक ऐकायला थांबला होता. आमच्यामध्ये एक फळीचं दार होतं, आणि माझ्या हाताखाली टेबल होतं, लाकडाचं. नुसतं बोट आपटलं असतं तरी झालं असतं.

मग शिक्क्याचा धप्प आवाज, एकदाच. मग मी म्हणतो, आता यात काहीच कमी नाही.

आणि पावलं उतरायला लागतात.

सात... सहा... पाच... चार...

खण्ण.

तिसरी पायरी वाजली. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं तिच्यावर कधी पाय दिला नव्हता.

तो व्हिडिओ मी टाकला नाही. त्यानंतर चॅनलवर काहीच टाकलं नाही. नकली शिट्टी त्याच संध्याकाळी अन्सारभाईंना परत दिली. त्यांनी चहा मागवला. उंबऱ्यावरचा डाग आई फरशी पुसते तेव्हा सोडून पुसते. पावसाळा गेला, हिवाळा गेला, डाग आहे तसा आहे.

कुणी म्हणेल योगायोग, कुणी म्हणेल डोक्यावर परिणाम झालाय. मीही स्वतःला दोन्ही सांगून बघितलं. कुदळ मात्र अजून तशीच वास मारते.

सहावी खाच आता रिकामी आहे. दर रविवारी मी तीन वाजल्यापासून खोलीत असतो, दार सताड उघडं ठेवून. तीन चाळीस झाले की शिट्टीची वाट न बघताच टेबलावर दोनदा ठोकतो. टक टक. आलो रे. मग थांबतो.

वर्ष उलटून गेलं. जिना वाजत नाही.

रविवारी आईनं दुपारी कुकर लावणं बंद केलंय. चार वाजून जाईपर्यंत ती गॅसजवळ जात नाही. मग खालून हाक येते, "आलं का रं कुणी?"

मी म्हणतो, "नाय."

मग ती डाळ-तांदूळ धुते, कुकर चढवते. थोड्या वेळानं पहिली शिट्टी होते. आणि ती संपेपर्यंत खाली आई आणि वर मी, दोघंही जागच्या जागी थांबतो... आणि दरवेळी माझं बोट टेबलावर दोनदा आपटतं.